घराखालची हवा

जबलपूरचे नाव निघाले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो भेडाघाट. नर्मदेच्या दोन्ही काठांवरील शुभ्र संगमरवरी कडे, चांदण्या रात्री त्यांच्यामधून संथपणे जाणारी होडी आणि वरच्या अंगाला कोसळणारा धुवांधार, हे दृश्य पाहण्यासाठी नागपूर-अमरावतीकडील कितीतरी कुटुंबे आजवर तेथे जाऊन आली असतील. परंतु शहरालगत मदनमहालच्या टेकड्यांवर जो खडक उघडा पडला आहे, तो संगमरवर नव्हे, ग्रॅनाइट होय. गोंड राजांनी याच खडकाच्या एका प्रचंड शिळेवर आपली टेहळणीची वास्तू उभारली. जवळच एका खडकावर दुसरा खडक इतक्या थोड्या जागेवर टेकून राहिला आहे, की पाहणाऱ्याला तो आता पडेल, मग पडेल असे वाटावे. २२ मे १९९७ च्या पहाटे झालेल्या भूकंपातही तो जागचा हलला नाही, हे जबलपूरकर पाहुण्यांना अभिमानाने सांगतात.

असा खडक पाहिला म्हणजे पायाखालची जमीन ही अत्यंत भरीव आणि मुकी वस्तू आहे असे वाटू लागते. तिच्यावर घर बांधावे, फरशी घालावी, दार लावून घ्यावे. मग जमिनीचा आणि घरातील माणसांचा काय संबंध? वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. जमीन भरीव नाही. तिच्यात हवा आहे, ती हवा हलते आणि पुष्कळदा आपल्या नकळत घरात येते. घराघरांतून जी हवा माणसे रात्रंदिवस श्वासावाटे घेतात, तिच्यातील काही अंश खिडकीतून नव्हे, तर फरशीखालून आलेला असतो.

भुसभुशीत मातीच्या घनफळाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग पोकळ असतो. पावसाळ्यात या पोकळ्यांत पाणी भरते आणि एरवी हवा. ही हवा वरच्या वातावरणासारखी नसते. वनस्पतींची मुळे आणि मातीतील असंख्य सूक्ष्मजीव तिच्यातील प्राणवायू खर्च करतात आणि तिच्यात कर्बद्विप्राणिद वायू सोडतात. बाहेरच्या हवेत हा वायू दहा हजार भागांत चार भागांच्या आसपास असतो; मातीतील हवेत त्याचे प्रमाण दहापटींनी वाढलेले आढळते. शिवाय ही हवा एका जागी स्वस्थ बसत नाही. वातावरणाचा दाब उतरला, म्हणजे जमिनीतील हवा बाहेर येते. दाब चढला, म्हणजे वरची हवा आत शिरते. पृथ्वी श्वासोच्छ्वास करते असे कोणी म्हटले, तर ते केवळ कवीचे बोलणे ठरणार नाही.

या श्वासाचा भयंकर अनुभव खेड्यापाड्यांतील विहिरींनी अनेकदा दिला आहे. खांडवा जिल्ह्यातील कोंडावत या गावी ३ एप्रिल २०२५ रोजी गणगौर उत्सवातील विसर्जनासाठी एक जुनी विहीर साफ करण्याचे काम चालले होते. गाळाने भरलेल्या त्या विहिरीत साचलेल्या विषारी वायूने आठ माणसांचा बळी घेतला. आधी उतरलेल्याला वाचवावयास दुसरा उतरला, त्याच्यामागून तिसरा, असा तो प्रकार घडला. पूर्वीची जाणती माणसे पडीक विहिरीत उतरण्यापूर्वी दोराने पेटता कंदील सोडून पाहत आणि तो विझला तर कोणी उतरत नसे. प्राणवायू कमी आहे एवढे कंदिलावरून कळे. पण सर्वच विषारी वायू कंदिलाला ओळखता येत नाहीत आणि ज्वालाग्राही वायू असेल तर कंदीलच घातक ठरतो. म्हणून आज वायुमापक उपकरणावाचून आणि श्वसनयंत्रावाचून कोणीही विहिरीत उतरू नये, आणि आत कोसळलेल्या माणसामागून तर मुळीच नाही, हाच नियम पाळला पाहिजे.

विहिरीतील वायू निदान तत्काळ आपली ओळख पटवितो. घरात येणारा जमिनीतील वायू तसे करीत नाही. तो हळूहळू, अल्प प्रमाणात आणि वर्षानुवर्षे येत राहतो. तो येतो कसा, हे प्रथम पाहावयास हवे.

जमिनीवर बांधलेले घर म्हणजे एक उपडे घातलेले भांडेच. मोकळ्या रानात जमिनीतून निघालेला वायू वाऱ्याबरोबर पसरून विरळ होतो. घराखाली निघालेला वायू या उपड्या भांड्यात अडकतो. पण घर केवळ त्याला अडकवीत नाही, तर ते त्याला ओढूनही घेते. जबलपूरच्या हिवाळ्यातील एखाद्या रात्रीची कल्पना करावी. बाहेर कडाक्याची थंडी पडली आहे, दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या आहेत आणि आत माणसांच्या वावराने, चुलीने, दिव्यांनी हवा उबदार झाली आहे. उबदार हवा हलकी असल्यामुळे वर चढते आणि छपराच्या फटींतून, वरच्या झरोक्यांतून निघून जाते. तिची जागा भरून काढण्यासाठी खालून हवा आत यावीच लागते. दारे बंद असली, तर ती फरशीखालून येते. चुलीवरचे धुराडे ज्या तत्त्वाने धूर वर खेचते, त्याच तत्त्वाने संपूर्ण घर जमिनीतील हवा खेचू लागते. दाबातील हा फरक एक लाखात दोन-चार भाग इतका क्षुल्लक असतो. परंतु तो सबंध रात्र, सबंध ऋतुभर टिकून राहतो आणि एवढ्यावरच काम भागते.

वाटाही पुष्कळ असतात. फरशी आणि भिंत यांच्यामधील सांधा, पाण्याच्या व सांडपाण्याच्या नळ्या जमिनीतून जेथे वर येतात तेथील मोकळी जागा, मोरीचे कोरडे पडलेले भोक, तळघराच्या भिंती, जमिनीत बांधलेली पाण्याची टाकी, जुन्या वाड्यातील आड, या सर्वांतून ही ये-जा चालते. जबलपूरच्या आसपासच्या ‘हवेली’ नावाच्या सखल प्रदेशात काळी चिकणमाती आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला रुंद भेगा पडतात. तिच्यावर उभ्या राहिलेल्या घराच्या फरशीला आणि भिंतींनाही या फुगण्या-आकसण्याचा उपद्रव होतो. जमिनीला पडलेली भेग आणि फरशीला पडलेली भेग एकमेकींशी जुळल्या, म्हणजे खालच्या हवेला जणू राजमार्गच मिळतो.

या वाटेने काय काय येऊ शकते, याची उदाहरणे जगात अनेक ठिकाणी घडली आहेत. इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातील लॉस्को या गावी २४ मार्च १९८६ रोजी एक बैठे घर स्फोटाने उद्ध्वस्त झाले. जवळच कचऱ्याने भरून काढलेली एक जुनी खाण होती. कचरा कुजून तयार झालेला मिथेन वायू जमिनीच्या थरांतून सरकत त्या घराखाली आला होता. त्या रात्री वातावरणाचा दाब काही तासांत झपाट्याने उतरला आणि जमिनीने आपला श्वास त्या घरात सोडला. मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी गटारांत झिरपलेल्या पेट्रोलच्या वाफेचा भडका उडाला आणि रस्तेच्या रस्ते उखडले जाऊन दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पेट्रोलची गळकी टाकी, कचऱ्याचा बुजवलेला खड्डा, कारखान्याने जमिनीत मुरू दिलेली द्रावणे, यांच्या शेजारी घर बांधताना फरशीखालच्या हवेचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे असते. यांतील कित्येक वायूंना वास असतो. घरात पेट्रोलचा वा गटाराचा वास वारंवार येऊ लागला, तर उदबत्ती लावून तो झाकण्याऐवजी त्याचे मूळ शोधावे, एवढे तरी नाक शिकवून जाते. अशा वेळी घरात काडी पेटवू नये आणि विजेचे बटणही दाबू नये.

पण ग्रॅनाइटच्या प्रदेशात ज्या वायूचा विचार सर्वांत आधी केला पाहिजे, त्याला वास नाही, रंग नाही आणि चवही नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत की डोके दुखत नाही. त्याचे नाव रेडॉन. तो कोणा कारखान्याने सोडलेला नाही किंवा कोणाच्या निष्काळजीपणामुळे उत्पन्न झालेला नाही. तो खडकातूनच जन्म घेतो.

प्रत्येक खडकात युरेनियमचा काही ना काही अंश असतो. एक टन ग्रॅनाइटमध्ये सरासरीने तीन-चार ग्रॅम युरेनियम सापडते. महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या काळ्या बेसॉल्ट पाषाणाने व्यापला आहे, त्यात ते सामान्यतः टनामागे एका ग्रॅमहूनही कमी असते. युरेनियमचे अणू अतिशय मंद गतीने फुटत असतात. त्यांतील निम्मे फुटावयास सुमारे साडेचारशे कोटी वर्षे लागतात, म्हणजे पृथ्वीच्या वयाइतकाच काळ. फुटता फुटता त्यांची रूपे पालटत जातात आणि या मालिकेत पुढे रेडियम येते. रेडियमचा अणू फुटला की त्यातून रेडॉन निर्माण होतो. १९०० साली जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिख डोर्न यांनी रेडियममधून बाहेर पडणाऱ्या या वायूची नोंद केली.

या मालिकेतील आधीची सर्व मंडळी घनरूप असून खडकात जखडलेली असतात. वायुरूप असा रेडॉन एकटाच. म्हणून तोच तेवढा बंधनातून सुटतो. त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे असते. एवढ्या अवधीत तो मातीच्या पोकळ्यांतून आणि खडकाच्या चिरांतून वाट काढीत वर येऊ शकतो. मोकळ्या हवेत तो इतका विरळ होतो, की एका घनमीटर हवेत दर सेकंदाला त्याचे पाचपासून पंधरापर्यंत अणू फुटतात. दर सेकंदाला एक अणू फुटणे, या मापाला ‘बेकरेल’ असे नाव आहे. जमिनीतील हवेत मात्र हाच आकडा हजारांनी, कित्येकदा दशसहस्रांनी मोजावा लागतो. या दोन आकड्यांच्या मध्ये घर उभे असते. खालची हवा किती आत येते आणि बाहेरची हवा किती खेळते, यावर घरातील रेडॉनचे प्रमाण ठरते.

रेडॉनपासून होणारा अपाय माणसाने त्याचे नाव कळण्याच्या कित्येक शतके आधीच भोगला होता. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात श्नेबेर्ग येथे चांदीच्या व अन्य धातूंच्या खाणी होत्या. तेथील खाणकामगार भर वयात छातीच्या विकाराने मरत, ही गोष्ट सोळाव्या शतकातील लेखकांनीही नमूद केली आहे. लोक तिला डोंगराचा रोग म्हणत. १८७९ साली हेर्टिंग आणि हेस या दोन वैद्यांनी मृतांची तपासणी करून हा रोग म्हणजे फुप्फुसातील घातक अर्बुद असल्याचे दाखविले. त्याचे कारण खाणीतील रेडॉनयुक्त हवा हे आहे, ही गोष्ट उलगडण्यास विसावे शतक उजाडावे लागले. तरीही हा खाणवाल्यांचा रोग आहे, घरात राहणाऱ्यांना त्याचे भय नाही, अशीच समजूत पुढे पुष्कळ वर्षे होती.

त्या समजुतीला धक्का बसला तो १९८४ च्या डिसेंबर महिन्यात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात एक अणुवीज केंद्र बांधले जात होते. तेथील एका अभियंत्याच्या अंगावर किरणोत्सर्गी कण आहेत, अशी सूचना केंद्रातील यंत्रे वारंवार देऊ लागली. चौकशी करता असे आढळले, की ही सूचना तो कामावरून घरी जाताना नव्हे, तर घरून कामावर येतानाही मिळते. केंद्रात तर अजून अणुइंधनापासून वीजनिर्मिती सुरूही झालेली नव्हती. शेवटी त्याच्या घराची तपासणी झाली. घरातील हवेत रेडॉनचे प्रमाण घनमीटरला सुमारे एक लाख बेकरेल, म्हणजे अमेरिकेत आज उपाययोजनेसाठी ठरविलेल्या मर्यादेच्या शेकडो पट निघाले. घराखालील खडक युरेनियमयुक्त होता. ते कुटुंब काही काळ घर सोडून गेले, घरात दुरुस्त्या करण्यात आल्या, प्रमाण खाली आले आणि कुटुंब पुन्हा त्याच घरी राहावयास आले. या कथेचा हा शेवट तिच्या आरंभाइतकाच ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

रेडॉन अपाय करतो तो कसा? स्वतः रेडॉन हा उदासीन वायू आहे. तो श्वासाबरोबर आत जातो आणि बहुतांशी तसाच बाहेर येतो. परंतु हवेत असताना त्याचे अणू फुटून पोलोनियम, शिसे, बिस्मथ यांचे अल्पजीवी किरणोत्सर्गी अणू निर्माण होतात. हे घनरूप अणू हवेतील धुळीच्या आणि धुराच्या कणांना चिकटतात व श्वासावाटे जाऊन फुप्फुसाच्या नलिकांच्या अस्तरावर बसतात. तेथे ते फुटले, की त्यांतून आल्फा कण सुटतात. आल्फा कणाला अडवावयास साधा कागदही पुरतो. शरीराची बाहेरची त्वचा त्याला दाद देत नाही. पण फुप्फुसाच्या आत त्वचेचे ते चिलखत नसते. तेथील कोवळ्या पेशींवर हा मारा थेट होतो. अशा असंख्य माऱ्यांपैकी एखादा पेशीच्या मर्मावर बसतो आणि पुष्कळ वर्षांनी त्यातून कर्करोग उद्भवू शकतो.

कर्करोगाविषयीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९८८ साली रेडॉनला मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निरनिराळ्या देशांत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी ३ ते १४ रुग्णांच्या बाबतीत रेडॉन हे कारण असते. घरातील दीर्घकालीन प्रमाण शंभर बेकरेलनी वाढले, की धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. धूम्रपान करणाऱ्यांना रेडॉनपासून होणारा धोका न करणाऱ्यांच्या मानाने सुमारे २५ पट असतो. याचा अर्थ असा, की ज्याच्या घराखाली ग्रॅनाइट आहे आणि ओठांत विडी आहे, त्याने पहिला उपाय विडीवर करावा. घरातील हवेचे प्रमाण घनमीटरला १०० बेकरेलच्या आत असावे आणि काही कारणाने ते शक्य नसेल तर निदान ३०० च्या वर जाऊ नये, असे या संघटनेने २००९ साली सुचविले आहे.

हे ऐकून जबलपूरच्या ग्रॅनाइटवर राहणाऱ्या प्रत्येकाने चिंतेत पडावे काय? तसे करणे चुकीचे होईल. आणि बेसॉल्टवर राहणाऱ्याने निर्धास्त होणे हेही तितकेच चुकीचे. जबलपूर हे शहर या बाबतीत मोठे शिकविणारे आहे. येथे एकाच परिसरात पृथ्वीच्या इतिहासाची अनेक पाने उघडी पडली आहेत. मदनमहालचा ग्रॅनाइट, भेडाघाटचा संगमरवर, नर्मदेवरील लम्हेटा घाटाने ज्यांना नाव दिले ते लॅमेटा थर, आणि टेकड्यांच्या माथ्यावर दख्खनच्या लाव्हाचा काळा पाषाण. या लॅमेटा थरांतच १८२८ साली स्लीमन यांना जबलपूरच्या छावणीजवळ प्रचंड सरड्यांची, म्हणजे डायनोसॉरची, अस्थी सापडली. नर्मदा-सोन खोऱ्याच्या अनुरोधाने जमिनीत खोल भ्रंश गेलेले आहेत. १९९७ च्या भूकंपाचा उगम त्यांच्याशीच निगडित असून तो सुमारे ३५ किलोमीटर खोलीवर होता. भ्रंश आणि चिरा या वायूला वर येण्याच्या वाटा असतात. तेव्हा एका मोहल्ल्यात ग्रॅनाइट, दुसऱ्यात काळी माती, तिसऱ्यात गाळ, अशी स्थिती असते. इतकेच नव्हे, तर एका भिंतीने जोडलेल्या दोन घरांतही फरशीची अवस्था आणि खिडक्यांची सवय वेगळी असल्याने रेडॉनचे प्रमाण वेगवेगळे निघू शकते. खडकाचा नकाशा इशारा देतो. निर्णय देत नाही.

निर्णय द्यावयाचा तो मोजमापाने, आणि हे मोजमाप समजावयास कठीण नाही. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने देशातील घराघरांतून रेडॉन मोजण्यासाठी लहान डब्या तयार केल्या. अशा डबीत नायट्रोसेल्युलोजच्या पातळ पटलाचा एक तुकडा बसविलेला असतो. ती डबी घरात साधारण तीन महिने टांगून ठेवतात. या काळात आल्फा कण पटलावर आदळून सूक्ष्म जखमा करतात. नंतर ते पटल कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवले, की या जखमा छिद्रांएवढ्या मोठ्या होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. जितकी छिद्रे अधिक, तितका रेडॉन अधिक. तीन महिने अशासाठी, की रेडॉनचे प्रमाण दिवस-रात्र, ऊन-पाऊस यांप्रमाणे सारखे बदलते. पावसाने भोवतालची जमीन भिजून बंद झाली, की छपराखालची कोरडी जमीन हीच वायूला मोकळी वाट उरते. एका दिवसाच्या आकड्यावरून घराला दोषी ठरवू नये, तसेच निर्दोषही ठरवू नये.

येथे आपल्या राहणीतील एका बदलाकडे लक्ष वेधणे इष्ट आहे. जुने ते सर्व आरोग्यदायी असे मानण्याचे कारण नाही. मातीची, शेणाने सारवलेली जमीन रेडॉनला अडवू शकत नाही. आणि अशा घराला खिडक्या लहान व मोजक्या असतील, तर त्यात वायू साचावयास वाव असतो. तथापि उंच जोते, ओसरी, मधला चौक आणि समोरासमोरची दारे यांमुळे जुन्या घरांतून वारा खेळत असे. नव्या घरांची फरशी अधिक घट्ट असते, पण दारे-खिडक्याही तितक्याच घट्ट असतात. जबलपूरच्या उन्हाळ्यात पूर्वी दारावर वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडीत. पुढे खिडकीत कूलर आला. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. त्यामुळे घरातील दाब किंचित वाढतो, जमिनीतील हवा मागे रेटली जाते आणि साचलेली हवा दुसऱ्या खिडकीतून निघून जाते. वातानुकूलन यंत्र मात्र बहुधा आतलीच हवा पुनःपुन्हा थंड करते आणि त्यासाठी खोली बंद ठेवावी लागते. खोलीतील उष्मा दोघांनीही कमी होतो. परंतु खोलीतील हवेची गोष्ट दोघांच्या बाबतीत अगदी भिन्न आहे.

उपायांकडे वळताना एक चूक टाळली पाहिजे. घरात वायू येतो म्हणून केवळ हवा बाहेर फेकणारा पंखा बसविला आणि ताज्या हवेला आत यावयास वाट ठेवली नाही, तर घरातील दाब आणखी उतरतो व जमिनीतील हवा पूर्वीपेक्षा जोराने आत येते. वारा खेळवावयाचा तो आरपार. समोरासमोरच्या खिडक्या सकाळ-संध्याकाळ उघड्या ठेवणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय. फरशीच्या भेगा, भिंतीचा सांधा आणि नळ्यांभोवतीची मोकळी जागा नीट बुजवावी. मोरीच्या भोकाखाली पाण्याची गुडदी असेल, तर ती कोरडी पडू देऊ नये. तिच्यातील पाण्याचा थरच गटारातील वायूला अडवून धरतो. तळघरात कोणाची झोपण्याची वा दिवसभर बसण्याची सोय करण्यापूर्वी तेथील हवा मोजून घ्यावी. ग्रॅनाइटमध्ये खोल गेलेल्या कूपनलिकेच्या पाण्यातही रेडॉन विरघळलेला असू शकतो. असे पाणी उघड्या टाकीत खेळवून घेतले, तर त्यातील बराच वायू बाहेरच्या हवेत निघून जातो.

एवढ्यानेही भागले नाही, तर एक खात्रीचा उपाय आहे. फरशीखालच्या खडीच्या थरात एक नळी सोडून ती थेट छपराच्या वर न्यावयाची आणि तिला एक लहान पंखा जोडावयाचा. घर जी हवा ओढीत होते, ती हवा आता ही नळी आधीच ओढून घेते आणि आकाशात सोडून देते. पेनसिल्व्हेनियातील अनुभवानंतर ही पद्धत फार प्रचारात आली आहे. नवे घर बांधताना जोत्यात खडीचा थर, त्यावर जाड प्लॅस्टिकचे अखंड आच्छादन आणि वर नेलेली एक नळी, एवढी तजवीज करणे थोडक्यात होते. तेच काम घर बांधून झाल्यावर करावयाचे तर फरशी फोडावी लागते. गवंड्याला आणि वास्तुशिल्पज्ञाला हे सांगण्याची वेळ पाया भरण्यापूर्वीची आहे.

जबलपूरला लागू पडणारी ही गोष्ट जबलपूरपुरतीच मर्यादित नाही. भंडारा-गोंदियाकडील आणि सिंधुदुर्गातील प्राचीन खडक बेसॉल्टचे नव्हेत. हैदराबाद आणि बेंगळूर येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी मराठी कुटुंबे ग्रॅनाइट व तत्सम खडकांवरच राहत आहेत. घर घेताना माणसे पाणी कसे आहे ते विचारतात, ऊन कोठून येते ते पाहतात, शेजार कसा आहे याची चौकशी करतात. या घराखाली काय आहे आणि या फरशीखालची हवा कोठे जाते, हे दोन प्रश्न त्यांत आता घालावयास हवेत. त्यांची उत्तरे नाकाला आणि डोळ्यांना देता येत नाहीत. पण घरात तीन महिने टांगलेली एक लहानशी डबी ती देऊ शकते. उत्तर प्रतिकूल आले, तरी घर सोडावे लागत नाही. खालच्या हवेला घराबाहेरची वाट करून दिली, की त्याच घरात निर्धास्तपणे राहता येते.